एकाच गिटारमध्ये जास्तीत जास्त आवाज: एचएसएस गिटारचं स्विचिंग कसं आखावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचे एक गिटारवादक ऑर्केस्ट्रात वाजवतात. एका कार्यक्रमात कोळीगीतं, लावणी, सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी आणि शेवटी रॉक मेडली, असं सगळं असतं. गिटार एकच, स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) धाटणीची, एचएसएस मांडणीची: तारांचा आवाज पकडणाऱ्या तीन पिकअपपैकी ब्रिजला हमबकर (दोन कॉइलचा पिकअप), मिडल आणि नेकला सिंगल कॉइल (एका कॉइलचा), एक व्हॉल्यूम, दोन टोन आणि पाच स्थानांचा साधा स्विच. गर्दीच्या लोकलमध्ये दोन गिटारी नेणं जमत नाही. मित्राने त्यांना एक आकृती पाठवली आहे, त्यात तीन मिनी टॉगल (छोटे स्विच) आणि दोन पुश-पुल पॉट (नॉब ओढला की स्विच होणारे व्हॉल्यूम-टोनचे पॉट) लावून वीसपेक्षा जास्त आवाज मिळतात. ते विचारतात, हे करावं का, सामान लॅमिंग्टन रोडला मिळेल का, आणि मंडपात येणारा हम (विजेची घूं-घूं) त्याने कमी होईल का?

ती आकृती बाजूला ठेवा. ती चुकीची नाही, विजेच्या हिशेबाने बरोबरच आहे. पण ती कागदावर मोजलेल्या आवाजांसाठी काढलेली आहे आणि तुम्हाला हवे आहेत स्टेजवर हाती लागणारे आवाज. मेडलीत एक गाणं संपून दुसरं सुरू होताना ढोलकीचा एक तोडा असतो, तेवढाच वेळ. तेवढ्यात उजवा हात एक हालचाल करू शकतो. टॉगल क्रमांक दोन खाली, तीन वर आणि पुश-पुल बाहेर असा जो आवाज असेल तो पहिल्या कार्यक्रमात कौतुकाने वापराल, तिसऱ्यात विसराल, आणि एखाद्या दिवशी टॉगल चुकून भलतीकडे राहिला तर ऐन सोलोला आवाज बारीक होईल. म्हणून कुठलंही वायरिंग आखताना मी आधी गाण्यांची यादी मागतो. प्रत्येक गाण्यापुढे आवाज लिहायचा, आणि नेहमी लागणारे पाच आवाज एका लिव्हरवर बसवायचे. क्वचित लागणाऱ्या दोन-तीन आवाजांसाठी एक पुश-पुल पुरतो.

पाच स्थानांच्या स्विचचा इतिहासही हेच सांगतो. १९५४ची मूळ स्ट्रॅटोकास्टर तीनच स्थानांच्या स्विचची होती. वादकांनी तो स्विच दोन स्थानांच्या मध्ये अडकवून ठेवायला सुरुवात केली, कारण दोन पिकअप एकत्र वाजले की जो पोकळ, चमकदार आवाज येतो तो त्यांना हवा होता. फेंडरने पाच स्थानांचा स्विच १९७७मध्ये दिला. वादकांच्या हाताला आधी जागा सापडली आणि स्विच मागाहून आला.

आता वीस आवाजांतले बरेचसे एकसारखे का ऐकू येतात ते सांगतो, कारण हे कळलं की निवड सोपी होते. पिकअप म्हणजे तारेची कॉइल, तिला इंडक्टन्स असतो. गिटारच्या केबलला कपॅसिटन्स असतो, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. या दोघांच्या जोडीतून एक शिखर तयार होतं. त्या वारंवारितेला आवाज उठून दिसतो आणि तिच्यावरचं सगळं झपाट्याने गळतं. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स २.४ हेन्री धरा, पाच मीटर केबल आणि कॉइलचा स्वतःचा मिळून ६०० पिकोफॅरड धरा: शिखर ४.२ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. जुन्या पद्धतीचा ४.५ हेन्रीचा हमबकर त्याच केबलवर ३ किलोहर्ट्झला उतरतो. त्याच हमबकरच्या दोन कॉइल एरवी सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक, असतात. त्या पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, केल्या तर इंडक्टन्स सुमारे चौथाईवर येतो आणि शिखर ६ किलोहर्ट्झपर्यंत चढतं. म्हणजे सीरिज, स्प्लिट (एकच कॉइल चालू) आणि पॅरलल या तिन्हींत ऐकू येण्याजोगा फरक आहे. पण तीन पिकअप एकदम पॅरलल आणि दोन पॅरलल यांतला फरक पूर्ण बँड वाजत असताना कोणालाही कळत नाही. त्यासाठी स्विच खर्च करू नये.

फेज उलटवण्याचंही, म्हणजे एका पिकअपच्या दोन तारा उलट जोडण्याचंही, तसंच. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांसोबत १९६३पासून बनवायला घेतलेल्या रेड स्पेशल या गिटारमध्ये तीन पिकअपना प्रत्येकी एक चालू-बंद आणि एक फेज असे सहा स्विच आहेत, आणि ते त्यांतून अप्रतिम आवाज काढतात. पण तिथे पिकअप सीरिजमध्ये आहेत आणि पुढे अँप चांगलाच तापलेला आहे. पॅरलल जोडलेले दोन पिकअप फेज उलटवून स्वच्छ आवाजात वाजवले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो बारीक, नाकातला आवाज. तुमच्या यादीत तो कुठे बसेल असं मला दिसत नाही.

तर तुमच्यासाठी माझी मांडणी अशी. लिव्हरचं स्थान एक ब्रिजकडचं, पाच नेककडचं. एकवर पूर्ण हमबकर, रॉकसाठी. दोनवर हमबकरची एक कॉइल आणि मिडल. तीनवर एरवी नुसता मिडल असतो. तिथे हमबकरची एक कॉइल आणि नेक ठेवा. हा टेलीकास्टरच्या मधल्या स्थानाच्या जवळ जाणारा आवाज आहे, सत्तरच्या दशकातल्या गाण्यांच्या स्वच्छ ऱ्हिदमला चपखल बसतो, आणि साध्या स्विचवर मिळतच नाही. चारवर नेक आणि मिडल, पाचवर नुसता नेक.

यासाठी साधा स्विच काढून चार पोलचा (एकाच लिव्हरवर चालणारे चार वेगळे स्विच असलेला) पाच स्थानांचा स्विच लावावा लागेल. त्याला सुपर स्विच म्हणतात. प्रत्येक पोलला एक कॉमन आणि पाच पाय, एकूण २४ पाय. पहिल्या तीन पोलचे कॉमन एकत्र जोडून व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या पायाला न्यायचे. पहिल्या पोलच्या १, २, ३ या पायांना ब्रिजची हॉट (सिग्नलची) तार. दुसऱ्या पोलच्या २ आणि ४ला मिडलची हॉट. तिसऱ्याच्या ३, ४, ५ला नेकची हॉट. इथवर काही विशेष नाही.

खरी गंमत चौथ्या पोलची. हमबकरमध्ये दोन कॉइल सीरिजमध्ये असतात आणि त्यांना जोडणारी तार बाहेर काढलेली असते. ती जोड-तार ग्राउंडला लावली की ग्राउंडकडची कॉइल मरते आणि हॉटकडची उरते. तीच जोड-तार हॉटला लावली की उलट होतं, हॉटकडची मरते आणि ग्राउंडकडची उरते. बहुतेक आकृत्यांत स्प्लिट म्हटलं की जोड-तार सरळ ग्राउंडला दिलेली असते, दोन्ही स्थानांवर एकच कॉइल. पण तुमचा मिडल पिकअप बहुधा उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा आहे, म्हणूनच चार नंबरला हम जातो. हम जायचा तर एकत्र वाजणाऱ्या दोन कॉइल एकमेकींच्या उलट हव्यात. दोन नंबरला हमबकरची जी कॉइल मिडलच्या उलट आहे ती हवी, आणि तीन नंबरला जी नेकच्या उलट आहे ती. मिडल आणि नेक आपसांत उलट आहेत, म्हणजे या दोन स्थानांवर हमबकरच्या वेगवेगळ्या कॉइल लागणार! म्हणून चौथ्या पोलच्या कॉमनला जोड-तार लावा, त्याच्या २ नंबर पायाला ग्राउंड द्या आणि ३ नंबर पायाला ब्रिजची हॉट. १, ४, ५ मोकळे सोडा. आता एक, दोन, तीन, चार ही चारही स्थानं हमशिवाय चालतात, फक्त पाचवर सिंगल कॉइलचा हम उरतो. कुठली कॉइल कुठे हे आधीच कळलं नाही तरी अडत नाही. गिटार जोडून अँपच्या ट्रान्सफॉर्मरजवळ न्या. दोन आणि तीन दोन्हीकडे हम वाढला, तर चौथ्या पोलच्या २ आणि ३ या पायांवरच्या तारांची अदलाबदल करा. बाकी कशालाही हात लावू नका.

हे सगळं मिडल उलट आहे या गृहीतावर चालतं. ते आजच तपासा: सध्याच्या स्विचवर पाच नंबरला असलेला हम चार नंबरला गेला तर मिडल उलट आहे. काही स्वस्त सेटमध्ये तिन्ही पिकअप सारखेच असतात. तसं असेल तर दोन-तीनला कुठली कॉइल लावायची याचा हिशेब बदलतो.

आता पुश-पुल. मधला पॉट काढून तिथे ए५००के पुश-पुल लावा आणि त्यालाच सगळ्या पिकअपचा एकच टोन करा. शेवटचा जुना पॉट तारा न जोडता जागेवर राहू द्या. पुश-पुलच्या स्विचचा एकच पोल वापरायचा. त्याच्या कॉमनला नेकची ग्राउंडकडची तार. नॉब खाली असताना ती ग्राउंडला जाते, वर ओढला की मिडलच्या हॉटला. बस, तीन डाग (सोल्डरचे जोड). यातून काय मिळतं बघा. पाच नंबरला नॉब वर ओढलात की नेक आणि मिडल सीरिजमध्ये येतात. दोन्ही सहा किलोओमचे असतील तर बेरीज बारा, आवाज जाड आणि मोठा, आणि हमही गेला. नेकला हमबकर नसलेल्या गिटारमध्ये सोलोसाठी यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. चार नंबरला नॉब वर असेल तर नेकची दोन्ही टोकं एकाच ठिकाणी जोडली जातात, तो गप्प होतो आणि नुसता मिडल वाजतो. आपण तीन नंबरवरून काढलेला आवाज असा परत मिळाला. एक आणि दोन नंबरला काहीच बदलत नाही. तीन नंबरला एक विचित्र, मधे दबलेला आवाज येतो. तो आवडला तर ठेवा.

एक अट आहे. नेकच्या पिकअपच्या दोन्ही तारा वेगळ्या हव्यात. धातूची टोपी असलेल्या किंवा बाहेरून जाळीची एकच केबल असलेल्या पिकअपमध्ये टोपी वा जाळी ग्राउंडच्या तारेशी जोडलेली असते. ती आधी सोडवून वेगळी ग्राउंड करावी लागते. नाहीतर सीरिजमध्ये टोपीला हात लागला की गिटार घुमायला लागते.

पॉट किती के (किलोओम) चा घ्यावा हा प्रश्न एचएसएसमध्ये नेहमी येतो. हमबकरला ५०० के बरा, सिंगल कॉइलला २५० के. ५०० केवर सिंगल कॉइल कानाला टोचते. व्हॉल्यूम ५०० केचाच ठेवा आणि नेकच्या हॉट तारेवरून, स्विचच्या आधी, ४७० केचा रेझिस्टर ग्राउंडला लावा. जिथे जिथे नेक वाजतो, म्हणजे तीन, चार आणि पाच, तिथे व्हॉल्यूमचं ओझं आपोआप २४२ के होतं. हमबकर एकटा वाजताना ५०० केच राहतं. तरी टोचलं तर ३३० के लावून बघा. मिडललाही असाच रेझिस्टर लावायचा मोह टाळा, कारण चार नंबरला दोन्ही एकत्र येऊन आवाज मंद होईल.

टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर, त्यावर २२३ असा आकडा असतो. महागड्या तेलाच्या कपॅसिटरवर पैसे घालवू नका. मायक्रोफॅरड तेवढेच असतील तर गिटारमध्ये फरक ऐकू येत नाही. व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि आउटपुट पायांवर १००० पिकोफॅरड, म्हणजे १०२ छापलेला, आणि त्याला पॅरलल १५० केचा रेझिस्टर लावा. तुम्ही गायकाच्या मागे करंगळीने व्हॉल्यूम कमी करत असणार. याने कमी केल्यावर आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा वाटत नाही.

सामानाचं म्हणाल तर रेझिस्टर, कपॅसिटर, ६०/४० सोल्डर, मल्टीमीटर, कॉपर टेप हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. पॉट मात्र तिथे जपून घ्या. त्यावर ए (लॉग) आहे की बी (लिनिअर) ते वाचा. व्हॉल्यूमला ए घ्या, कारण आपल्या कानाला तो सारखा कमी-जास्त होतो. दांड्याचे दातेही जुळायला हवेत, नाहीतर तुमचे नॉब बसणार नाहीत. सुपर स्विच आणि गिटारचा पुश-पुल वाद्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मागवा. मागवण्याआधी पट्टीने पोकळीची खोली मोजा. स्वस्त गिटारींची बॉडी पातळ असते आणि पुश-पुल साध्या पॉटपेक्षा बराच खोल असतो. भोकंही बघा: आशियाई पॉटला ८ मिलिमीटर पुरतं, अमेरिकन मापाच्या पॉटला साडेनऊ लागतं.

हमबकरला चार तारा आणि जाळी असायला हवी. रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट, पांढरी आणि लाल मिळून जोड, हिरवी ग्राउंड. दिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी जोड, हिरवी ग्राउंड. कंपनी माहीत नसेल तर मीटर २० के ओमवर ठेवून तारांच्या जोड्या शोधा. साधारण चार-चार किलोओम दाखवणाऱ्या दोन जोड्या म्हणजे दोन कॉइल. मग मीटर लावलेलाच ठेवून स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या कॉइलच्या खांबांवर टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडी मारतो. मीटरची लाल तार हॉटला असताना सगळ्या पिकअपची उडी एकाच दिशेने हवी. एखाद्याची उलट असेल तर त्याच्या दोन तारा उलट लावा. हमबकर असेल तर हॉट आणि ग्राउंड उलट घ्या, जोड तशीच राहू द्या. हे पाच मिनिटांचं काम सगळं जोडून झाल्यावर करायला गेलात तर अख्खी संध्याकाळ जाते.

डाग देताना पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, आयर्न चांगला तापू द्या, ३५० अंशांच्या आसपास, आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. कमकुवत आयर्न लावून पाठ बराच वेळ तापवत बसलं की पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा जातो. पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स गिटारजवळ आणू नका. आपल्या दमट हवेत तो एका पावसाळ्यात तारा खाऊन टाकतो. याच हवेमुळे उघडा स्विच वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवावा लागेल.

मंडपातल्या हमबद्दल. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा हम ५० आणि त्याच्या पटीत येतो. डिमरचा खरखराट वेगळा. डिमर विजेची लाट मधूनच कापतो, त्यातून वरच्या पट्टीतला कचकच आवाज निघतो. पोकळीला आतून कॉपर टेप लावून, टेपच्या पट्ट्या एकमेकींना डाग देऊन ग्राउंड केली की या खरखराटाचा बराच भाग जातो. पण ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र टेपमधून सरळ आत येतं. त्याला उत्तर उलट कॉइलच, आणि म्हणून चौथ्या पोलवर मी एवढा वेळ घालवला. दिवे पेटल्यावर पाच नंबर टाळा, किंवा नॉब वर ओढून पाच वाजवा.

तारांचं ग्राउंड कितीही छान केलं तरी मंडपाचं अर्थिंग तुमच्या हातात नसतं. गिटारच्या तारा अँपच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि माइक साउंडवाल्याच्या. दोन्ही वेगवेगळ्या बोर्डांवरून, त्यातला एक अर्थशिवाय असेल, तर ओठ माइकला लागताच झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. कोरस गात असाल तर साउंड चेकला मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, एक माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाजवू नका. अँप साउंडवाल्याच्याच बोर्डावर घ्या आणि पुन्हा मोजा.

काम सुरू करण्याआधी हमबकरच्या तारांचे रंग, दोन कॉइलचे मीटरवरचे आकडे आणि पोकळीची खोली कळवलीत तर तुमच्या गिटारसाठी पायनिहाय आकृती काढून देता येईल.